कुंकळ्ळीकरीण : गाव, दैवत आणि माणसाची ओळख

गोमंतकात अनोळखी मनुष्य दारी आला, त्याने पाय धुतले, पाण्याचा गडू घेतला, की घरातील वृद्ध मनुष्य त्यास प्रथम नाव विचारीत नाही. ‘तुम्ही खंयचे?’ हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसरा प्रश्न कुलदेवतेचा, आणि आपल्या समाजात तिसरा मठाचा. ही तीन उत्तरे जुळली की नाव विचारावयाचे राहून गेले तरी चालते. पाहुण्याचे पान मांडले जाते. नाव एका माणसाचे असते. गाव, दैवत आणि मठ ही मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या पंधरा-वीस पिढ्यांची उत्तरे असतात, असा या रीतीमागील समज आहे.

आपल्या धर्मकृत्यांतही हाच क्रम दिसतो. संकल्प सोडताना कर्ता प्रथम स्वतःचे नाव घेत नाही. आधी द्वीप, मग वर्ष, मग खंड, मग नदीचा कोणता तीर हे सांगून होते. त्यामागून संवत्सर, मास, तिथी. आणि शेवटी गोत्र व नाव. मी कोण, हे सांगण्यापूर्वी मी कोठे व केव्हा उभा आहे हे सांगावयाचे. मुंज झालेल्या प्रत्येक मुलास हे पाठ असते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी त्यास समजावून सांगतो. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविण्यात घालविली. त्या काळात जे थोडेफार उमगले ते या स्मरणग्रंथाच्या निमित्ताने भाविकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ आडनावापासून करू. कारण विद्यार्थ्यांजवळ इतिहासाचा तेवढाच एक पुरावा जन्मापासून असतो. प्रियोळकर, बोरकर, बांदोडकर, शिरोडकर, लोटलीकर, कुडचडकर या आडनावांतून प्रियोळ, बोरी, बांदोडे, शिरोडे, लोटली, कुडचडे ही गावे सरळ उमटतात. मराठी मुद्रणकलेच्या इतिहासाचे संशोधक अ. का. प्रियोळकर आणि कवी बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) या दोघांचीही आडनावे अशीच गावांवरून पडलेली. परंतु या आडनावांचे एक वैशिष्ट्य असे की, ज्या गावाचे ते असते त्या गावात ते सहसा निरुपयोगी असते. बोरी गावात सारेच बोरीचे. तेथे कोणास ‘बोरकर’ म्हणून वेगळे दाखविण्याचे प्रयोजन काय? तेथे शेणवी, कामत, नायक, प्रभू, पै, भंडारी, कुळकर्णी या पदव्यांनी किंवा घराच्या नावांनी काम भागे. गावाचे नाव चिकटते ते गाव सोडल्यावर, परक्या वेशीत पाऊल ठेवल्यावर. पुढे सरकारी नोंदवह्यांच्या काळात ते गावातल्या घरांसही लागले हे खरे. पण मूळ प्रकार हा असा. ‘कर’ हा प्रत्यय स्थायिकाचा नव्हे. तो प्रवाशाचा आहे. मनुष्य कोठला आहे हे तो सांगतो आणि त्याच वेळी तो आता तेथे नाही हेही सांगून जातो.

ही गोष्ट आपल्या समाजाच्या स्थलांतराकडे पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. गोव्याहून उत्तरेस, सावंतवाडी, मालवण, मुंबईकडे गेलेल्या घराण्यांत गावावरून पडलेली आडनावे विपुल आहेत. दक्षिणेस मंगळूर, कोचीकडे गेलेल्यांनी मात्र जुन्या पदव्याच जतन केल्या. तेथे आजही पै, कामत, शेणै, प्रभू, नायक, भट हीच नावे ऐकू येतात. कानडा मुलखात स्थिरावलेल्या चित्रापूर सारस्वतांची तऱ्हा तिसरीच. त्यांनी नव्या भूमीतील गावांची नावे प्रत्ययाशिवाय, जशीच्या तशी धारण केली. कार्नाड, बेनेगल, पडुकोण, उल्लाळ ही दक्षिण कानड्यातील गावेच आहेत. गिरीश कार्नाड आणि श्याम बेनेगल यांच्या कीर्तीबरोबर ती खेडीही सर्व देशाच्या कानी गेली. एकाच किनाऱ्यावरून निघालेल्या लोकांनी तीन दिशांनी तीन प्रकारे आपली ओळख बांधली. रक्त तेच, कुलदैवते बहुधा तीच. पण जेथे जाऊन राहिले तेथल्या भूमीने आणि रीतीने नावाचे रूप ठरविले. केवळ ‘मूळ’ विचारून भागत नाही, वाटही विचारावी लागते, हे मी विद्यार्थ्यांस याच उदाहरणाने सांगत असे.

आता वाटेचा इतिहास. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली. १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे प्रांत त्यांच्या ताब्यात गेले. तिसवाडी, साष्टी, बारदेश या नावांतच गावांची गणती आहे: तीस वाड्या, सहासष्ट गावे, बारा देश. सारस्वतांच्या परंपरेतील शहाण्णव कुळे ही तिसवाडीची तीस व साष्टीची सहासष्ट मिळून होतात, असे जुने लोक सांगत. पोर्तुगीज येण्यापूर्वीच या गावांचा कारभार गावकारांच्या संस्थेकडे होता. गावची जमीन समाईक, गावकार घराण्यांचे ‘वांगड’ ठरलेले, आणि खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून प्रत्येक हक्कदारास त्याचा ‘जण’ मिळावयाचा. १५२६ साली आफोन्सु मेशिया याने या रूढी लिहून घेऊन जो फोराल तयार केला त्यात ही व्यवस्था नोंदलेली आहे. राज्यकर्त्यांस सारा वसूल करावयाचा होता म्हणून त्यांनी ती टिकविली. धर्म बदलला तरी वांगड बदलला नाही. या एका गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिसवाडी व साष्टीतील देवालये पाडली जाऊ लागली. १५६० पासून इन्क्विझिशन बसले ते मधली तीन-चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत होते. त्या धुमाळीत भक्तांनी देव हलविले. कुठ्ठाळीचा, म्हणजे कुशस्थळीचा, मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास गेली. हा अंत्रूज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता आणि फोंडा पोर्तुगीजांकडे आला तो थेट १७६३ मध्ये. म्हणून तेथे देवांस आसरा मिळाला. पुढे मराठ्यांच्या राज्यात मान्यता पावलेल्या गोमंतकीयांनी या देवस्थानांस ऊर्जितावस्था आणली. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचे नाव कवळ्याच्या देवालयाशी आणि रामचंद्र मल्हार सुखठणकर यांचे मंगेशीशी निगडित आहे, हे भाविकांस सांगावयास नकोच.

येथे एक चमत्कार घडला. आजवर गाव देवास नाव देत असे. आता देव गावास नाव देऊ लागला. प्रियोळाचा एक भाग ‘मंगेशी’ झाला. बांदोड्यात ‘रामनाथी’ झाली. आणि पुढे १९०० साली त्या मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव धारण केले. म्हणजे देव कुशस्थळीहून विस्थापित झाला, त्याच्या नावाने वाडीस नाव मिळाले, आणि त्या वाडीच्या नावाने एका गायकाच्या घराण्याची ओळख जगभर झाली. त्या एका शब्दात चार शतकांचे स्थलांतर साठलेले आहे.

मडगावची गोष्ट मठाच्या भाविकांस जवळची वाटेल. मडगाव हे ‘मठग्राम’ या नावाचे रूप आहे असे परंपरा मानते, आणि तेथील हिंदू आजही स्वतःस मठग्रामस्थ म्हणवितात. गावच्या नावात मठ आहे. पण त्यांचा दामोदर जांबावलीस आहे. प्रतिवर्षी शिगम्यात मठग्रामस्थ जांबावलीस जातात आणि गुलाल उधळतात. त्या उत्सवात मी अनेकदा उभा राहिलो आहे. तेथे परगावचा यात्रेकरू कोणता आणि घरचा मनुष्य कोणता हे ओळखणे अशक्य होते. कारण त्या दिवशी सारे मडगाव जांबावलीत असते. देवालय कोणाच्या गावात आहे आणि देव कोणाचा आहे, हे दोन प्रश्न वेगळे असू शकतात हे मुलांस पुस्तकावरून शिकविता येत नाही. तेथे नेऊन उभे करावे लागते.

परंतु या सर्वांत मला शिकविण्यास सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत मोलाचे वाटलेले उदाहरण कुंकळ्ळीचे आहे.

कुंकळ्ळी साष्टीच्या दक्षिण टोकास. तेथील गावकारांनी देवालयांचा विध्वंस सोसला, पुन्हा देवालये उभारली, कर देण्याचे नाकारले. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्याकरिता पाच जेझुइट तेथे आले. त्यांत रुदोल्फ आक्वाव्हिवा होता. थोड्याच दिवसांपूर्वी अकबराच्या दरबारी राहून परतलेला. गावकऱ्यांनी त्या पाचही जणांस व त्यांच्या सोबतच्या काही लोकांस ठार मारले. त्याचा सूड असा घेण्यात आला की, गावच्या सोळा प्रमुखांस बोलणी करण्यास म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांस मारले. एकानेच नदीत उडी टाकून प्राण वाचविला अशी परंपरा आहे. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी या गावांचा हक्क गावकारांकडून हिरावला गेला. जी संस्था इतरत्र टिकली ती येथे मोडली. देवी मात्र त्यापूर्वीच गावाबाहेर, फातर्प्यास गेली होती.

फातर्प्यास तिचे जे देवालय आहे तेथे तिला श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणतात. वाचकांनी क्षणभर या नावाकडे पाहावे. मुंबईस गेलेल्या बोरीच्या माणसास जसे ‘बोरकर’ हे नाव पडले, तसेच हे देवीचे आडनाव आहे. गाव सोडल्यावाचून ते पडले नसते. तिच्या भक्तांना जे सोसावे लागले ते तिनेही सोसले, आणि त्याची खूण तिने नावात धारण केली.

दर वर्षी फाल्गुनात ती कुंकळ्ळीस परत येते. बारा वांगडांच्या बारा रंगीबेरंगी छत्र्या तिच्याबरोबर निघतात, गुलाल उडतो, आणि फातर्प्याहून कुंकळ्ळीपर्यंतची वाट माणसांनी भरून जाते. या छत्र्या वांगडांच्या आहेत, धर्माच्या नव्हेत. चारशे वर्षांपूर्वी ज्या घराण्यांतील काही शाखा ख्रिस्ती झाल्या त्यांचाही वांगड तोच राहिला, आणि म्हणून त्या घरांतील माणसेही या मिरवणुकीस आपली समजतात. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांस ते खरे वाटत नाही.

वर्गात हे सांगावयाचे कसे, हा माझ्यापुढे प्रतिवर्षी येणारा पेच असे. माझ्या वर्गात दोन्ही घरांतील मुले शेजारी बसत. १८९३ मध्ये पोपने त्या पाच जेझुइटांस धन्य हुतात्मे म्हणून घोषित केले. कुंकळ्ळीत आज गावप्रमुखांचेही स्मारक आहे. एकाच गावात, एकाच संघर्षातील घटनांचे दोन हुतात्मे-समूह. प्रारंभी मी हा भाग घाईने उरकीत असे, हे कबूल केले पाहिजे. कोणाचे मन दुखवू नये हे निमित्त, आणि धीर नसणे हे कारण. एके वर्षी एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानेच तास संपल्यावर विचारले, ‘सर, ते सोळा जण माझे कोण लागतात?’ त्याच्या आजोबांनी त्यास वांगडाचे नाव सांगितले होते. मी त्यास म्हटले, ‘तुझे पूर्वज.’ तो म्हणाला, ‘आणि ज्या पाद्रींस मारले ते?’ त्याचे उत्तर मजपाशी तयार नव्हते. तो ज्या चर्चमध्ये जातो तेथे त्या पाच जणांचीही प्रार्थना होते. मी त्यास एवढेच सांगू शकलो की, दोघांचाही वारसा तुझ्याकडे आला आहे आणि त्यांतील एक टाकून दे असे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते उत्तर पुरेसे होते असे मला आजही वाटत नाही.

या संदर्भात एका गोमंतकीय विद्वानाचे स्मरण करणे उचित होईल. सारस्वतांच्या गोमंतकातील वसाहतीची पौराणिक कथा ज्या सह्याद्रिखंडात आली आहे, त्याची छापील आवृत्ती १८७७ साली मुंबईत निघाली. तिचे संपादक डॉ. जे. जेर्सन द कुञ्य हे बारदेशातील हडफडे गावचे ख्रिस्ती गृहस्थ, धंद्याने वैद्य. अनेक हस्तलिखिते मिळवून त्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला. आपली गोत्रे, गावे व कुलदेवता यांविषयी आपण आज जे सांगतो त्यातील पुष्कळ भाग या ख्रिस्ती संपादकाच्या श्रमाने मुद्रित झालेला आहे. सह्याद्रिखंडातील कथा इतिहास म्हणून कितपत धरावी हा वेगळा प्रश्न. तो मी येथे काढीत नाही. परंतु त्या ग्रंथाकडे त्यांनी परक्याचे कुतूहल म्हणून नव्हे, तर आपल्या भूमीचा कागद म्हणून पाहिले, यात शंका नाही.

दूरच्या भूमीतही आपल्या लोकांनी काय राखले याचा एक सुंदर पुरावा कोचीस आहे. डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ तयार करविला, तो १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडाम येथे बारा खंडांत छापला गेला. त्याच्या कामी साह्य करणारे रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य कोचीस राहत. १६७५ साली त्यांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी अक्षरांत व कोंकणी भाषेत छापलेला आहे. सभोवती मल्याळम्, राज्यकर्ते डच, ग्रंथाची भाषा लॅटिन. आणि हे तिघे आपली सही आपल्या भाषेत करतात. वनस्पतींचे ज्ञान मात्र त्यांनी मलबारच्या मातीतले दिले. भाषा गोव्याची आणि विद्या नव्या भूमीची, अशी त्यांची घडण होती.

आता शिक्षणाकडे वळू. जुन्या काळी गोव्यातील हिंदू मुले देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या पडवीत शेणयमामांपुढे बसून धूळपाटीवर मोडी-बालबोध गिरवीत, आकडे व पाढे पाठ करीत. तेथे गावाचा निराळा धडा नव्हता. गाव सभोवारच होता. १८५४ मध्ये पणजीस लिसेव सुरू झाला. लिसेवात शिकलेली माणसे पोर्तुगालच्या नद्या, पर्वत आणि राजवंश घडाघडा सांगत. ते शिक्षण निकृष्ट होते असे मी म्हणणार नाही. भाषा, गणित व काटेकोरपणा यांत ते कित्येक ठिकाणी आजच्याहून सरस होते. परंतु ताग नदीचा उगम सांगणाऱ्या मुलास आपल्या दारावरून वाहणाऱ्या साळ नदीविषयी शाळेत एक वाक्यही ऐकावयास मिळत नसे.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंस मोकळा श्वास घेता आला. त्याच सुमारास मराठी शिक्षणसंस्था निघू लागल्या. पणजीचा मुष्टिफंड त्याच्या थोडा आधीचा, १९०८ चा. घरोघरी रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूस काढून ठेवावयाची आणि त्यावर शाळा चालवावयाची, ही त्यामागील कल्पना नावातच आहे. १९११ मध्ये फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. या शाळांतून गोमंतकातील हिंदू मुलांस प्रथमच आपला मुलूख, आपली संतपरंपरा आणि सह्याद्रीपलीकडचा इतिहास पुस्तकात दिसला.

प्रश्नाच्या मुळाशी हात घातला तो मात्र चांदर येथे जन्मलेल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुञ्य यांनी. १९४४ साली त्यांनी गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावर पुस्तिका लिहिली. परकीय राज्याने भूमी घेतली याहून गोमंतकीयास आपल्याच भूमीत परका केले हे नुकसान मोठे, असा त्यांचा अभिप्राय होता. १९४६ च्या चळवळीत त्यांस पकडून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली आणि पोर्तुगालात नेऊन ठेवण्यात आले. ते १९५८ मध्ये निवर्तले. १९६१ चा मुक्तिदिन त्यांस दिसला नाही. त्यांच्या मुद्द्यात अतिशयोक्ती आहे असे काहींस वाटते, आणि काही अंशी ते खरेही असेल. कारण शाळेने जे विसरावयास लावले ते कुंकळ्ळीच्या छत्र्यांनी व जांबावलीच्या गुलालाने विसरू दिले नव्हते.

मुक्तीनंतर शाळा झपाट्याने वाढल्या, गावोगावी पोचल्या. परंतु पाठ्यपुस्तकात ताग नदी गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या दूरच्या नद्या आल्या. दारची नदी पुष्कळ काळ बाहेरच राहिली. गोमंतकातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात जुन्या काबिजादीतील गावसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने पायी हिंडावे, देवळे, वाटा, शेते व माणसे पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाने तेवढेच त्यांच्याकडून उचलले.

मी दहावीच्या आधीच्या वर्गास दर वर्षी एक काम देत असे. एका कागदावर सहा रकाने: आडनाव, मूळ गाव, कुलदैवत किंवा चर्चचा संत, दैवताचे मूळ स्थान, घराण्याने गाव केव्हा व का सोडले, आणि आता काय उरले आहे. मुलांनी घरी वडीलधाऱ्यांस विचारून तो भरावयाचा. सारस्वत व इतर गावकार घराण्यांतील मुले चार दिवसांत कागद भरून आणीत. काहींचे आजोबा तर पुरवणी जोडीत. वेरण्याचे मूळ असलेल्या एका मुलाने म्हाळसेचे जुने स्थान लिहिले आणि त्याच्याच बाकावरील ख्रिस्ती मुलाने आपले गाव म्हणून तेच वेरणे लिहिले. दोघेही पाच वर्षे एका बाकावर बसले होते. आपण एका गावचे आहोत हे त्यांस ठाऊक नव्हते. वेरण्यास म्हाळसेच्या जुन्या जागी आता पुन्हा देवालय उभे आहे. तेथे ते दोघे एकदा सायकलने जाऊन आले आणि कितीतरी दिवस त्याविषयी बोलत होते.

हे काम आपण फार चांगले योजले आहे असे मला वाटू लागले होते. मग एके वर्षी सांगे तालुक्यातील एका मुलीचा कागद कोरा आला. तिच्या आडनावातून गाव निघत नव्हते. घराणे मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहणारे, ज्यांस वांगड नाही, जण नाही, गावच्या मिळकतीत वाटा नाही. मुंडकारांस कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७५ साली. मी तिच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात तांबड्या शाईने ‘मूळ गाव अज्ञात’ असे लिहून तो परत दिला. तिने काही म्हटले नाही. मलाही त्या वेळी काही वाटले नाही, हे आज लिहिताना अधिक बोचते. ज्या गावसंस्थेचे कौतुक मी वर्गात करीत होतो ती काही घराण्यांनाच गाव देत होती. शेत नांगरणाऱ्यास, मानशीवर पाणी राखणाऱ्यास, देवळात वाजविणाऱ्यास ती काम देत होती, गाव देत नव्हती. माझे सहा रकाने त्या संस्थेचेच रकाने होते.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी दुसरा कागद घेऊन आली. आजीस विचारून आणला होता. आजी कुर्डीची.

कुर्डी हा सांगे तालुक्यातील गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली तेथे जन्मल्या. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. साळावली धरणाच्या जलाशयात हा गाव १९८० नंतरच्या दशकात बुडाला. लोकांस वाडे, वालकिणी येथे नव्या वसाहती मिळाल्या. तेथील प्राचीन महादेवाचे देवालय दगड सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. मे महिन्यात पाणी ओसरते आणि थोडे आठवडे गाव वर येतो: घरांची जोती, तुळशीवृंदावने, वाटा, वठलेली झाडे. त्या दिवसांत गावचे लोक परत येतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती लोक आपल्या कपेलाचे फेस्त करतात. मग पाऊस लागतो आणि सर्व पुन्हा पाण्याखाली जाते. पूर्वी त्या गावात फारसे कोणी ‘कुर्डीकर’ नव्हते. गाव बुडाल्यावर गावकार व मुंडकार सारेच कुर्डीकर झाले.

मुलीने आणलेल्या कागदावर रकाने नव्हते. पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. आजीने बसल्या जागी सांगितले आणि नातीने काढले. ओहोळ, त्यावरचा साकव, सोमेश्वर, फणसाचे झाड, ज्यांच्या भाटात घर होते त्यांचा वाडा, आणि त्याच्या मागे लहानशा चौकोनात ‘आमचे घर’. झरीपासून घरापर्यंत किती पावले हेही आजीने सांगितले होते. तो आकडा तिने वाटेवर लिहिला होता.

मी तिचा जुना कागद परत मागून घेतला आणि तांबडी ओळ खोडली. त्यापुढील वर्षी मी ते सहा रकाने काढून टाकले आणि मुलांस कोरा कागद देऊ लागलो. तिचा नकाशा तिने मजपाशी ठेवावयास दिला, तो अद्याप आहे. त्यात भाटकाराचा वाडा आजीने सांगितल्याप्रमाणे मोठा काढलेला आहे, घर लहान. आणि त्या दोहोंवरून, सोमेश्वराच्या कळसाच्या थोडे वर, निळ्या पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे. तिच्या टोकाशी मुलीने ‘जूनपासून’ असे लिहिले आहे.